कुंभाराचं गाढव आणि जाहिरातीवरचा क्लिक

ऑनलाइन बाजारात माल विकणाऱ्याला आज ना उद्या एक प्रश्न पडतोच: पैसे भरून आपली लिस्टिंग वर आणावी की नाही? ईबेवर पितळी समई शोधली, तर पहिल्या काही ओळींतल्या बऱ्याच समयांपाशी फिकट अक्षरांत ‘स्पॉन्सर्ड’ असं लिहिलेलं दिसतं. त्या जागेसाठी विक्रेत्याने पैसे देऊ केलेले असतात. महिनाअखेरीस त्याच्यापुढे तक्ता येतो: लिस्टिंग इतक्यांदा दिसली, क्लिक इतके आले, जाहिरातीतून इतक्या वस्तू गेल्या, फी इतकी झाली. गेलेल्या मालाची रक्कम फीपेक्षा कितीतरी मोठी असते, त्यामुळे उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. माझं म्हणणं असं, की या तक्त्यात त्या प्रश्नाचं उत्तर असूच शकत नाही. ‘जाहिरातीतून विक्री झाली’ आणि ‘जाहिरातीमुळे विक्री झाली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नुसती नोंद आहे, दुसरा कार्यकारणाचा दावा आहे. असा दावा कशाने सिद्ध होतो, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न. तो बाजूला ठेवून जमाखर्च मांडला, तर बेरीज बरोबर येऊनही हिशेब चुकतो.

आधी व्यवहार कसा चालतो ते पाहू. ईबेने ही सोय 2015 साली आणली. तिच्या साध्या प्रकारात विक्रेता विक्रीच्या किमतीचे ठरावीक टक्के द्यायला कबूल होतो, आणि माल गेला तरच पैसे कापले जातात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक क्लिकचे पैसे पडतात, मग माल जावो न जावो. पहिला प्रकार विक्रेत्याला सुरक्षित वाटतो, म्हणून माझा रोख मुख्यतः त्याच्याकडे आहे. त्यातली खरी मेख ‘ही विक्री जाहिरातीची’ हे ठरवण्याच्या नियमात आहे. पूर्वीचा ढोबळ नियम असा, की ज्या गिऱ्हाइकाने जाहिरातीवर क्लिक केलं त्यानेच पुढच्या 30 दिवसांत वस्तू घेतली, तर ती विक्री जाहिरातीच्या खात्यावर. 2025 साली युरोपातल्या काही देशांत हा नियम सैल झाला: कोणीही क्लिक केलेलं असो, 30 दिवसांच्या आत ती वस्तू कोणीही घेतली, तरी फी लागू. म्हणजे सोमवारी एकाने समई पाहिली आणि सोडून दिली, पुढच्या शुक्रवारी दुसऱ्याच कोणी ती जाहिरातीकडे न बघता थेट शोधून घेतली, तरी त्या विक्रीचं श्रेय सोमवारच्या क्लिकला. क्लिक आधी झाला आणि विक्री नंतर झाली, एवढंच या दोन घटनांमधलं नातं.

आधी घडलेली प्रत्येक गोष्ट नंतरच्या गोष्टीचं कारण नसते, हे सांगायला कावळा आणि ताडफळाचा काकतालीय न्याय पुरतो. पण न्यायदर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिक, तिथेच थांबले नाहीत. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ आणि विश्वनाथाचा ‘भाषापरिच्छेद’ हे दोन्ही सतराव्या शतकातले ग्रंथ. संस्कृतच्या विद्यार्थ्याला न्यायाची ओळख व्हायची ती याच पुस्तकांतून. आठल्ये आणि बोडस यांनी सिद्ध केलेली ‘तर्कसंग्रहा’ची आवृत्ती 1897 साली मुंबईहून निघाली. कारणाला या परंपरेने तीन अटी घातल्या. ते कार्याच्या आधी असलं पाहिजे, दर वेळी असलं पाहिजे, आणि अन्यथासिद्ध असता कामा नये. तिसरी अट सगळ्यांत बारीक आहे. एखादी गोष्ट कार्याच्या आधी हजर असते, पण कार्य तिच्यावाचूनही झालं असतं, किंवा तिचं जे काही कर्तृत्व आहे ते दुसऱ्या गोष्टीनेच पुरतं झालेलं असतं. अशी गोष्ट अन्यथासिद्ध. उदाहरण नेहमीचं, घड्याचं. चाक फिरवणारा दांडा हे घड्याचं कारण. पण दांड्याचा रंग हे कारण नाही. घडा घडला तेव्हा आकाशही होतं, म्हणून ते घड्याचं कारण ठरत नाही. कुंभाराचा बाप नसता तर कुंभार नसता हे खरं, तरी बाप घड्याचं कारण नाही. आणि माती वाहून आणणारं गाढव, तेही नाही. एखाद्या घड्यासाठी माती गाढवाच्याच पाठीवरून आलेली असेल, पण घडा म्हणून जो घडतो तो गाढवावाचूनही घडतो. माती डोक्यावरून आणली तरी चालते. गाढव दिसतं ठळक आणि राबतंही खरं, म्हणूनच त्याला कारण समजण्याची चूक सोपी. विक्रेत्यापुढचा प्रश्न मग नेमका होतो: जाहिरातीवरचा क्लिक हा दांडा आहे की गाढव?

हे ओळखण्याची परीक्षाही त्याच परंपरेत आहे, अन्वय आणि व्यतिरेक. कारण असताना कार्य होतं हे पाहणं म्हणजे अन्वय. कारण नसताना कार्य होत नाही हे पाहणं म्हणजे व्यतिरेक. महिनाअखेरचा तक्ता फक्त अन्वय दाखवतो: जाहिरात होती, विक्री झाली. व्यतिरेकाचा रकाना त्यात नसतो, कारण त्या महिन्यात जाहिरात नसती तर काय झालं असतं, हे त्या महिन्याने पाहिलेलंच नाही. न घडलेल्या महिन्याची नोंद कुठलाही तक्ता ठेवू शकत नाही. तो महिना मुद्दाम घडवून आणावा लागतो.

एकदा तो घडवून आणला गेला होता, आणि तोही खुद्द ईबेनेच. त्या वेळी जाहिरातदाराच्या जागी ही कंपनीच होती. शोधयंत्रांवर ‘ईबे’ हा शब्द टाइप केला की वर ईबेचीच जाहिरात येई आणि तिच्यावरच्या प्रत्येक क्लिकचे पैसे कंपनी मोजत असे. टॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी 2012 साली याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रांवर ती जाहिरात बंद करवली. जाहिरातीतून येणारी माणसं गेली कुठे? 99.5 टक्के वाहतूक खालच्या फुकटच्या दुव्यावरून आली. जो ‘ईबे’ असं टाइप करतो तो ईबेवर जायलाच निघालेला असतो. जाहिरात केवळ त्याच्या वाटेत उभी होती. मग त्यांनी दुसरा, मोठा प्रयोग केला. गिटार, कॅमेरा, बूट अशा शब्दांवरच्या जाहिराती गूगलवर अमेरिकेच्या निवडक भागांत बंद ठेवल्या, बाकी भागांत चालू. विक्रीत फरक पडला तो इतका थोडा, की शून्याहून वेगळा म्हणता येईना. नेहमीच्या पद्धतीने नोंदींची जुळणी करून पाहिली तर याच जाहिराती कित्येक पटींचा फायदा दाखवत होत्या. प्रयोगाच्या हिशेबात परतावा उणे 63 टक्के निघाला. हा निबंध 2015 साली ‘इकॉनोमेट्रिका’मध्ये छापून आला, म्हणजे ज्या वर्षी ईबेने स्वतःच्या विक्रेत्यांना जाहिरात विकायला सुरुवात केली त्याच वर्षी. पण त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सोडून देणं अप्रामाणिकपणाचं होईल. जी माणसं ईबेवर नवी होती किंवा क्वचित येत होती, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम खरोखर दिसला. मुरलेल्या गिऱ्हाइकावर तो दिसला नाही, आणि जाहिरातीचा बहुतेक पैसा याच मुरलेल्या गिऱ्हाइकांच्या क्लिकवर जात होता. म्हणजे तीच जाहिरात एकासाठी दांडा होती आणि दुसऱ्यासाठी गाढव. शोधयंत्रावरची जाहिरात आणि बाजाराच्या आतली लिस्टिंग या दोन निराळ्या जागा आहेत, त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलून इथे लावता येणार नाहीत. उचलण्याजोगी आहे ती परीक्षा.

यावर विक्रेत्याचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: माल गेला तरच फी, मग माझं जातंय काय? उत्तर वाजवी वाटतं, म्हणून ते आकड्यात घालून पाहू. समई 2,000 रुपयांना विकली. खरेदी, पॅकिंग, कुरिअर आणि बाजाराचं नेहमीचं कमिशन मिळून 1,640 गेले. हाती 360 उरले. जाहिरातीचा दर 10 टक्के धरला तर 200 आणखी जातात आणि उरतात 160. आता जाहिरातीच्या खात्यावर दहा समया गेल्या, म्हणजे हाती 1,600. यांतल्या पाच जाहिरातीवाचूनही गेल्या असत्या असं समजा. मग जाहिरात न करता त्या पाचांवर 1,800 मिळाले असते. म्हणजे पाच समया जास्त विकून, पाच जास्त खोकी बांधून, पाच जास्त रिटर्नची जोखीम घेऊन विक्रेता 200 रुपयांनी खाली आला. दहातल्या निदान सहा विक्री खऱ्या अर्थाने जाहिरातीमुळे झाल्या तरच त्याचं बरं होतं. जाहिरातीची फी भागिले एका नगावरचा नफा, हा तो उंबरठा. इथे 200 भागिले 360, म्हणजे साधारण 56 टक्के. ज्याचं मार्जिन जाड आहे त्याला उंबरठा ठेंगणा, ज्याचं पातळ त्याला उंच. मार्जिनपेक्षा फीचा दर जास्त असेल तर दहाच्या दहा विक्री जाहिरातीने आणल्या तरी नुकसानच. ‘विकलं तरच पैसे’ या अटीमुळे न विकल्या गेलेल्या मालाची जोखीम टळते. जो माल आपसूक जाणार होता त्याच्यावर फी बसण्याची जोखीम जागच्या जागी राहते, आणि ज्याचा माल चांगला, ज्याचं नाव झालेलं, त्याच्यावर ती सगळ्यांत जास्त.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. नव्या विक्रेत्याला कोण ओळखतं? त्याच्या खात्यावर एकही अभिप्राय नाही, एकही विक्री नाही; शोधाच्या निकालात तो शेवटच्या पानावर, आणि शेवटच्या पानापर्यंत कोणी जात नाही. विक्री नाही म्हणून वर येत नाही, वर येत नाही म्हणून विक्री नाही. हा अन्योन्याश्रय बाहेरून कोणीतरी तोडावा लागतो आणि जाहिरात तो तोडू शकते. हे मी पूर्ण मान्य करते. ईबेच्या प्रयोगात नव्या माणसावर परिणाम दिसला, तो याच कारणाने: ज्याला एखादी गोष्ट ठाऊकच नाही, त्याला ती ठाऊक करून देणं हे खरं कार्य आहे. येल्प या अमेरिकी संकेतस्थळावर 18 हजारांहून अधिक हॉटेलांमधून सुमारे 7 हजार चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून त्यांची तीन महिने फुकट जाहिरात केली गेली, आणि ज्यांची झाली त्यांच्याकडे लोकांचा ओढा सरासरीने वाढला. हाही व्यतिरेकाने तपासलेला पुरावा आहे, म्हणून माझ्या शंकेला तो मर्यादा घालतो. ‘जाहिरात म्हणजे फसवणूक’ असं म्हणणारा माणूस ‘जाहिरात म्हणजे विक्री’ म्हणणाऱ्याइतकाच घाईत असतो. मात्र या कबुलीतून एक गोष्ट निघते: जाहिरातीचं काम ओळख करून देण्याचं असेल, तर ओळख झाल्यावर ते संपतं. नवी वस्तू, नवं खातं, सणाआधीचे दोन आठवडे, तसल्या चारशे समयांत हरवून जाणारी समई, इथे जाहिरात दांडा असण्याचा संभव जास्त. जगात एकच प्रत असलेलं जुनं पुस्तक नेमक्या नावाने शोधत आलेल्या गिऱ्हाइकासमोर तीच जाहिरात जवळजवळ खात्रीने गाढव.

तिसरा आक्षेप मोक्याच्या जागेचा. दादर स्टेशनसमोरच्या गाळ्याला आतल्या गल्लीपेक्षा जास्त भाडं द्यावंच लागतं, त्याला कोणी नावं ठेवत नाही. मग पडद्यावरच्या वरच्या जागेचं भाडं का खुपावं? कारण गाळ्याचा मालक रोज सकाळी स्टेशन उचलून दुसरीकडे नेऊ शकत नाही. ऑनलाइन बाजाराचा मालक नेऊ शकतो. कोणती ओळ वर, किती ओळी जाहिरातीच्या, न भरणाऱ्याची लिस्टिंग किती खाली, हे सगळं त्याच्या हातात आहे. इथे प्रश्न एक पायरी खोल जातो. समजा, वरच्या सगळ्या जागा जाहिरातीच्याच झाल्या. आता जाहिरात बंद केली तर विक्री खरंच बसेल. व्यतिरेकाच्या परीक्षेला जाहिरात उतरली, ती अन्यथासिद्ध राहिली नाही, गाढवाचा दांडा झाला. मग जाहिरातीने विक्रेत्याला मदत केली असं म्हणायचं का?

मला वाटतं, नाही. आणि हे का, ते सांगायला न्यायापेक्षा मीमांसेतला एक भेद जास्त कामाचा आहे. कर्माचे प्रकार सांगताना काम्य आणि नित्य असे दोन वेगळे काढले जातात. काम्य कर्म फळासाठी: पुत्र हवा, पाऊस हवा, म्हणून अमुक याग. नको असेल तर करू नका, काही बिघडत नाही. नित्य कर्म, जसं संध्यावंदन, करून नवं काही पदरात पडत नाही असा एक पक्ष आहे, पण न केलं तर दोष लागतो. त्याला प्रत्यवाय म्हणतात. लिस्टिंगची जाहिरात विक्रेत्यांच्या आयुष्यात आली ती काम्य कर्म म्हणून: पैसे भरा, जास्त विका. जसजसे सगळेच भरू लागतात तसतशी ती नित्य होते. एका जत्रेत शंभर दुकानं आणि सगळ्यांनी कर्णे लावले, तर कोणाचाच आवाज पोचत नाही, पण कर्णा काढणाऱ्याचा मात्र बुडतो. गिऱ्हाइकाने महिन्यात घ्यायच्या समया तेवढ्याच. आता त्या प्रत्येक समईत जाहिरातीचा हिस्सा मिसळलेला. 2024 साली ईबेचं जाहिरातीचं उत्पन्न सुमारे 160 कोटी डॉलर होतं, अ‍ॅमेझॉनचं 5,600 कोटींच्या वर. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 17 राज्यांसह सप्टेंबर 2023 मध्ये अ‍ॅमेझॉनवर जो खटला भरला, त्यात शोधाचे निकाल पैसे घेतलेल्या जाहिरातींनी गढूळ केल्याचा आरोप आहे. कंपनीला तो मान्य नाही आणि निवाडा न्यायालय करील. प्रश्नाचा गाभा मात्र त्या निकालावर अवलंबून नाही.

शंकराचार्यांनी गीताभाष्यात या प्रत्यवायावरच बोट ठेवलं आहे. न करणं हा अभाव. अभावातून दोषासारखी भावरूप वस्तू उपजेल कशी? त्यांचा वाद कर्माविषयीचा आणि मोक्षाविषयीचा आहे, त्याला बाजारात ओढताना मला संकोच वाटतो. पण त्या प्रश्नाची धार इथे अचूक लागू पडते. ‘मी जाहिरात केली नाही म्हणून माझी विक्री बसली’ असं विक्रेता म्हणतो, तेव्हा तो एका अभावाला कारण ठरवतो. नुसत्या न भरण्याने काहीच घडत नाही. त्याची समई होती तिथेच राहिली असती. कोणीतरी तिच्यावर दुसऱ्या समया आणून ठेवल्या, ही खरी, भावरूप कृती. आणि ती विक्रेत्याची नाही. दोष विक्रेत्याच्या न करण्यात शोधायचा आणि उपाय म्हणून त्यालाच फी भरायला सांगायचं, यात कर्ता नजरेआड होतो. टोल भरल्याशिवाय गाडी पुढे जात नाही, म्हणून टोल हे पुढे जाण्याचं कारण आहे असं कोणी म्हणेलही. टोलने आपल्याला पुण्याला पोचवलं, असं कोणी म्हणत नाही. ज्या अडथळ्याची किल्ली अडथळा घालणाऱ्याकडेच आहे, त्याची किल्ली विकत मिळणं ही गरज भागणं आहे. उपकार हा शब्द त्याला लागत नाही.

एक शंका उरते, आणि ती माझ्याच बाजूवर येते. व्यतिरेक पाहा म्हणणं सोपं, पण महिन्याला चाळीस वस्तू विकणाऱ्याने तो पाहायचा कसा? शंका खरी आहे. रँडल लुइस आणि जस्टिन राव यांनी 2015 सालच्या एका निबंधात 25 मोठे जाहिरात-प्रयोग तपासले. त्यांतले कित्येक लाखो गिऱ्हाइकांवर केलेले होते, तरी जाहिरातीने फायदा झाला की तोटा हे बऱ्याचदा ठामपणे सांगता आलं नाही, कारण माणसं किती खरेदी करतात यातला चढउतारच जाहिरातीच्या परिणामापेक्षा फार मोठा असतो. चाळीस विक्रीत तर तो परिणाम बुडूनच जातो. तरी विक्रेता अगदीच हतबल नाही. सारख्या मालाचे दोन वाटे करून एकावर जाहिरात लावायची, दुसऱ्यावर नाही. दोन आठवड्यांनी अदलाबदल करायची. आणि पाहायची ती दोन्ही वाट्यांची मिळून उरलेली रोख, तक्त्यातला ‘जाहिरातीतून’चा आकडा नव्हे. चार महिन्यांत ठाम उत्तर मिळणार नाही, पण 56 टक्क्यांच्या उंबरठ्याच्या आपण जवळपास तरी आहोत का, एवढा अंदाज येतो. जिथे तोही येत नाही, तिथे दर कमीत कमी ठेवणं किंवा जाहिरात फक्त अनोळखी मालापुरती ठेवणं, याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. न कळणाऱ्या गोष्टीवर पैसे लावताना हात आखडता घेणं रास्त आहे.

पण सगळं ओझं विक्रेत्यावर टाकून हा विषय सुटत नाही. वादात जो विधान करतो, सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. ‘या विक्री जाहिरातीच्या’ हे विधान विक्रेता करत नाही, बाजार करतो, आणि त्या विधानावरच फी आकारतो. लाखो लिस्टिंग आणि कोट्यवधी गिऱ्हाईकं ज्याच्यापाशी आहेत, त्याला व्यतिरेक पाहणं अवघड नाही. काही गिऱ्हाइकांना ती जाहिरात दाखवायची नाही आणि त्यांच्यापैकी किती जणांनी वस्तू तरीही घेतली हे मोजायचं. एखाद्या छोट्या विक्रेत्यापुरता हा आकडा काढता येणार नाही, पण एकाच जातीच्या मालासाठी, एका किमतीच्या पट्ट्यासाठी तो काढता येईल आणि ‘जाहिरातीतून’ या आकड्याशेजारी ‘जाहिरातीवाचूनही’ असा दुसरा आकडा छापता येईल. 2012 साली क्लिकचे पैसे ईबेच्या स्वतःच्या खिशातून जात होते, तेव्हा तिने नेमकं हेच करून पाहिलं, आणि उत्तर कळल्यावर स्वतःच्या नावावरच्या शोधांसाठी पैसे मोजत राहण्याचं कारण उरलं नाही.